औषध नव्हे, विष

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावायचे आणि एका काठावरून पांढुर्णेकरांनी, दुसऱ्या काठावरून सावरगावकरांनी दगडांचा वर्षाव करीत ते हस्तगत करायचे, अशी ही जुनी प्रथा. त्या दिवशी डोकी फुटतात, हातपाय मोडतात. काही वर्षी माणसे प्राणासही मुकली आहेत. म्हणून प्रशासन त्या एका दिवसासाठी मोठी सिद्धता करते. पोलिसांच्या तुकड्या येतात, मनाईहुकूम निघतात, नदीकाठी वैद्यकीय पथके बसतात, रुग्णवाहिका सज्ज असतात. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकारही न चुकता हजर होतात. त्या प्रथेच्या इष्टानिष्टतेविषयी आम्हांस आज काही म्हणावयाचे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. पोळ्याच्या आगेमागे त्याच तालुक्यांतील शिवारांत पाठीवर पंप बांधून कपाशीवर विष फवारणारा जो मजूर असतो, त्याच्यासाठी यांतले काय उभे असते?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मुलखाची चिंता समुद्रकाठच्या पत्राने का वाहावी, असे आमचे काही वाचक विचारतील. सौसर आणि पांढुर्णा हे तालुके १९५६च्या प्रांतरचनेत मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. कागदोपत्री कारभार हिंदीत चालत असला तरी घरोघरची भाषा आजही मराठी आहे. आमच्याकडील भाविकांना हा भाग ठाऊक असलाच तर तो जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीमुळे किंवा मोहगावच्या अर्धनारीश्वरामुळे. मोहगाव हे सौसर तालुक्यातील गाव. संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि त्यांवर पोट भरणारे रोजंदार हे त्या पट्ट्याचे रूप. पण आम्ही मोहगावाकडे पाहतो त्याचे कारण केवळ भाषेचा जिव्हाळा नव्हे. कामगाराच्या सुरक्षिततेविषयी आपल्या देशात जे जे बोलले जाते, लिहिले जाते आणि कायद्यात घातले जाते, त्याची वेस कोठे संपते ते अशा गावात स्पष्ट दिसते.

‘कामाच्या जागेची सुरक्षितता’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना येतो. धूर ओकणारे धुराडे, शिरस्त्राण घातलेला कामगार, भिंतीवर लावलेला ‘सावधान’चा फलक. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. तो दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळण्याचा प्रघात आहे आणि त्या दिवशी कारखान्यांतून शपथा घेतल्या जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. हे सारे स्तुत्य आहे. पण या देशात कारखान्यात काम करणाऱ्यांपेक्षा शेतात काम करणारी माणसे कितीतरी अधिक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना शेतीची गणना खाणकाम आणि बांधकाम यांच्या बरोबरीने सर्वांत धोक्याच्या व्यवसायांत करते. शेतीतील सुरक्षिततेविषयी तिने २००१ साली स्वतंत्र करारही केला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही.

कपाशीच्या शिवारातील धोक्याचे नावच मुळी फसवे आहे. विदर्भात काय, सौसरात काय, किंवा आमच्या कोकणात काय, कीटकनाशकाला माणसे ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारायला गेलाय’ हे वाक्य कोणत्याही घरी ऐकू येते. ज्या वस्तूने प्राण जाऊ शकतो तिला प्राण वाचविणाऱ्या वस्तूचे नाव देऊन आपण अर्धी सावधगिरी तेथेच गमावली. कृषी केंद्राच्या फळीवरची बाटली औषधाच्या दुकानातल्या बाटलीसारखीच दिसते. फरक इतकाच, की डॉक्टरच्या चिठ्ठीऐवजी दुकानदाराचा सल्ला चालतो आणि तो सल्ला बहुधा एका बाटलीवर थांबत नाही. बोंडअळीसाठी एक, पांढऱ्या माशीसाठी दुसरे, पाने हिरवीगार व्हावीत म्हणून एखादे ‘टॉनिक’, असे सारे एकाच बादलीत काठीने ढवळले जाते. त्या मिश्रणात काय तयार झाले, याचा विचार करणारा तेथे कोणी नसतो.

यांतील सेंद्रिय फॉस्फरसच्या वर्गातील विषांचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना आज्ञा गेली की ती पोहोचल्यावर थांबवण्याची व्यवस्थाही शरीरात असते. त्यासाठी एक विकर आहे. हे विष त्या विकरालाच निकामी करते. मग आज्ञा सुटत राहते, थांबत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नजर अंधुक होते, लाळ आणि घाम यांच्या धारा लागतात, पोटात कळा येतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. ॲट्रोपीनचे इंजेक्शन वेळेवर आणि पुरेशा मात्रेत मिळाले तर माणूस वाचतो. पण वेळेवर मिळावे म्हणून ते जवळ असावे लागते आणि ते देणाऱ्याला लक्षणे ओळखता यावी लागतात. प्रारंभीची मळमळ, डोकेदुखी, चक्कर ही भाद्रपदातल्या उन्हाचीही लक्षणे आहेत. ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून बांधावर सावलीत पडलेला मजूर संध्याकाळी घरी जातो आणि रात्री बिघडतो.

शिवाय हे विष पोटात जावे लागते असे नाही. ते कातडीतून शिरते. भिजलेला सदरा पाठीला चिकटलेला, पंपाच्या झाकणातून पाठीवर ओघळणारे थेंब, घामाने सैल झालेली त्वचा. विषाला याहून सुलभ दार कोणते हवे? तोटी तुंबली की ती तोंडाने फुंकून मोकळी करण्याची सवय आहे. मध्येच खर्रा मळून तोंडात टाकण्याची सवय तर त्या साऱ्या भागाची. हात धुवायला साबण शेतात नेलेला नसतो आणि प्यायचे पाणी व फवारणीचे पाणी अनेकदा शेजारशेजारी ठेवलेले असते. पाणी वाहून आणणाऱ्या बहुधा बायका. संध्याकाळी ते कपडे धुणाऱ्याही त्याच. त्यांच्या हातांची मोजदाद कोणीच करीत नाही.

याचे भयंकर रूप २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याहून उंच वाढली होती. किडींचा जोर होता. गुलाबी बोंडअळीने बीटी बियाण्याला दाद देणे सोडले होते, आणि २००२ साली ज्या बियाण्याने फवारणीतून सुटका होईल असे सांगितले गेले त्याच बियाण्याच्या शेतात पुन्हा विषाचे पंप फिरू लागले. हाताने दांडा मारण्याच्या पंपाऐवजी बॅटरीचे पंप आले होते. त्यांचा फवारा बारीक आणि जोरकस. कमरेएवढ्या झाडावर फवारताना विष खाली जाते; डोक्याएवढ्या झाडावर फवारताना ते फवारणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. रक्तातील त्या विकराचे प्रमाण तपासण्याची सोय त्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयातही नव्हती. मृतांच्या कुटुंबीयांना शासनाने दोन लाख रुपये दिले, चौकशी पथक नेमले, आणि त्या पथकाने मोनोक्रोटोफॉस या विषावर बंदी घालण्याची शिफारस केली. बिहारमध्ये २०१३ साली शाळेच्या जेवणातून तेवीस मुलांचा बळी घेणारे विष तेच होते. भाजीपाल्यावर ते वापरण्यास २००५ सालीच बंदी झाली होती. कपाशीवर ते चालत होते, कारण कपाशी कोणी खात नाही. ती फवारणारा माणूस श्वास घेतो, हे त्या तर्कात बसले नव्हते.

यवतमाळनंतर जो एक सूर निघाला तो आम्हांस सर्वाधिक खटकतो. मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मुखपट्टी बांधली नाही, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी केली, सबब दोष त्यांचाच, असा तो सूर. निष्काळजीपणा होतो हे आम्ही नाकारीत नाही. वर त्याचे वर्णन आम्हीच केले आहे. पण रोजावर आलेल्या मजुराने रबरी हातमोजे, चष्मा, अंगभर आच्छादन आणि बूट स्वतःच्या मजुरीतून विकत घ्यावेत अशी अपेक्षा करणाऱ्याने एकदा ते सारे अंगावर चढवून, सोळा लिटरची टाकी पाठीवर घेऊन, पाऊस उघडल्यानंतरच्या दमट उन्हात दोन एकर शेत फिरून यावे. ते सारे उतरवण्यास तो स्वतःच उतावीळ होईल. सुरक्षाशास्त्राचा जुना सिद्धान्त असा आहे, की आधी धोकाच दूर करावा. तो दूर होत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरावी. मग साधने आणि पद्धत सुधारावी. आणि माणसाच्या अंगावर चिलखत चढवणे हा शेवटचा उपाय. आपण मात्र प्रारंभच शेवटच्या उपायापासून करतो, कारण त्याचा दोष कामगाराच्या माथी मारता येतो.

कायद्याचे याबाबतीतले वर्तन तर विलक्षण आहे. कीटकनाशकांचा आपला कायदा १९६८चा. त्याचे मूळ आमच्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला आहे. १९५८ साली जहाजाने आलेल्या गव्हाच्या पिठात त्याच जहाजावरील पॅराथिऑन नावाचे विष मिसळले गेले आणि केरळात व लगतच्या भागात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या हाहाकारानंतर हा कायदा आला, १९७१ साली त्याखालील नियम आले. या नियमांत काय नाही? वैद्यकीय तपासणी आहे, संरक्षक कपडे आहेत, उतारा जवळ ठेवणे आहे, प्रशिक्षण आहे. पण ही बंधने विष बनवणाऱ्या कारखानदारांना आणि फवारणीचा व्यवसाय करणाऱ्यांना. दोन एकरांचा धनी आणि त्याने सकाळी चौकातून बोलावून आणलेला मजूर या नियमांच्या दृष्टीस पडतच नाहीत. १९६८चा कायदा बदलण्यासाठी २००८ साली विधेयक आले, २०२० साली पुन्हा एक राज्यसभेत आले. मध्ये यवतमाळ घडून गेले.

दुसरा धागा भोपाळचा. मोहगाव ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या राजधानीत २ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री जो वायू सुटला, तो कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातून. त्या संहारानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. आपण कोणत्या विषाशी काम करतो हे जाणून घेण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. धोका दिसताच तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क मान्य झाला. आता ती कलमे २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. म्हणजे विष कारखान्यात आहे तोवर कायदा त्याच्या मागोमाग जातो, टाकीपाशी उभा राहतो, नोंदवहीत सही करतो. तेच विष बाटलीत भरून, खोक्यात घालून, कृषी केंद्राच्या फळीवरून मोहगावच्या बांधावर आले की कायदा फाटकाबाहेर हात झटकून मोकळा होतो. ज्याने ते बनवले तो कामगार. ज्याने ते अंगावर घेतले तो कोणीच नव्हे.

याच मुलखाच्या खाणकामगाराशी तुलना करून पाहावी. १० डिसेंबर १९५४ रोजी तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली कोळसा खाणीत पाणी घुसून ६३ कामगार मेले. सौसरच्या भूस्तरात मँगनीज आहे, आणि तेथील खडकांच्या एका मोठ्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी सौसरचेच नाव दिले आहे. मँगनीजच्या धुळीने मज्जासंस्था बिघडते हे १८३७ सालीच ग्लासगोच्या एका वैद्याने नोंदवले होते. आज तो रोग कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत आहे. खाणीतल्या मृत्यूची चौकशी होते, अहवाल निघतो, निरीक्षक जाब विचारतो. ही व्यवस्था निर्दोष नाही, गोव्यातील खाणींचा अनुभव असलेल्या आम्हांस ते कोणी सांगावयास नको. पण व्यवस्था आहे. तीही कोणी आपण होऊन दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, त्यानंतर सहा वर्षे झगडा झाला, तेव्हा १८९० साली आठवड्याची एक सुटी पदरात पडली. मोहगावच्या रोजंदाराला असा लोखंडे मिळालेला नाही. त्याचा मृत्यू पोलिसांच्या डायरीत अकस्मात मृत्यू म्हणून नोंदवला जातो, आणि त्यात विषप्राशनाचा संशय घेतला गेला तर मेल्यावरही त्याला आपण आत्महत्या केली नाही हे सिद्ध करावे लागते.

मग करावे काय? नव्या संहितेचा सर्वसाधारण उंबरठा दहा कामगारांचा आहे. पण जिवाला धोका असलेल्या कामांना, एकच कामगार असला तरी, ती लागू करण्याची मुभा शासनाला आहे. विषारी फवारणी हे असे काम नव्हे असे कोणता मंत्री म्हणेल? ही अधिसूचना काढण्यास केंद्राला नव्या विधेयकाचीही वाट पाहावी लागत नाही. राज्यांपुरते बोलायचे तर १९६८च्याच कायद्यातील २६वे कलम पुरे आहे. फवारणीतून झालेल्या प्रत्येक विषबाधेची खबर देण्याची सक्ती राज्य सरकार त्याखाली करू शकते. आज किती माणसे बाधतात हे आपणांस माणसे मेल्यावर कळते, आणि आम्हां वर्तमानपत्रवाल्यांनाही तेव्हाच जाग येते, हे कबूल केले पाहिजे.

सीमेवरच्या गावांची अडचण आणखी वेगळी. मोहगावचा मजूर पलीकडे नागपूर जिल्ह्यातल्या शेतावर कामास गेला, तेथे बाधला, आणि जवळ म्हणून नागपूरच्याच रुग्णालयात नेला गेला, तर त्याची नोंद कोणत्या राज्याने करायची, आणि मदत कोणी द्यायची? बाटलीबरोबरचा कागद हिंदीत, इंग्रजीत आणि प्रादेशिक भाषेत असावा असा नियम आहे. सौसरच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीची प्रादेशिक भाषा कोणती धरायची? अक्षरे इतकी बारीक असतात की साक्षर माणसासही भिंग लागावे. निरक्षरासाठी बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा चांगला संकेत आहे, पण तो सांगितल्यावाचून कळत नाही. आमच्या कार्यालयातल्या चार सुशिक्षितांना आम्ही त्याचा अर्थ विचारला. एकालाच सांगता आला.

मजुरीच्या पद्धतीकडेही पाहिले पाहिजे. अनेक ठिकाणी फवारणीचे पैसे दिवसावर न देता पंपावर दिले जातात. जितक्या टाक्या रिकाम्या, तितके पैसे. अशा माणसाने वारा पडण्याची वाट पाहावी, दर तासाला हात धुवावेत आणि चक्कर आल्यास काम थांबवावे असे सांगणे म्हणजे त्याला पोटावर पाय देण्यास सांगणे. फवारणीपुरती तरी मजुरी दिवसावर द्यावी, तीही सकाळच्या गार वेळेतल्या चार तासांसाठी पूर्ण दिवसाची. शेतकऱ्याला हे परवडणार नाही, अशी हाकाटी होईल. शेतकरी स्वतःही अडचणीत आहे, अनेकदा तो स्वतःच पंप घेऊन उतरतो आणि स्वतःच बाधतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच फवारण्यांची संख्या घटवणे हाच त्याच्याही हिताचा मार्ग. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत, नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारावे, पहिल्या फवारण्या निंबोळी अर्काच्या कराव्यात, हंगाम संपल्यावर पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, हे ज्ञान मोहगावपासून फार दूर नाही. मात्र कृषी केंद्राचा दुकानदार त्याहून जवळ आहे, आणि त्याची विक्री बाटल्यांवर चालते.

आमच्या किनाऱ्यानेही या बाबतीत सोवळे राहू नये. कासरगोडच्या काजूमळ्यांवर कित्येक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. त्याचे परिणाम तिथल्या मुलांच्या देहांवर उमटले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला ते विष देशभर थांबवावे लागले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या हापूस बागांत मोहोर आला की एकामागून एक फवारण्या सुरू होतात. उंच कलमाच्या बुंध्याशी उभे राहून वर नेम धरणाऱ्या गड्याच्या अंगावर जे परत गळते ते यवतमाळच्या पऱ्हाटीतून गळलेल्याहून निराळे नव्हे. त्या बागांतून राबणारे कितीतरी गडी नेपाळहून आलेले आहेत. गेल्या हंगामात अशाच एका बागेत आम्ही एका तरुण गड्याला तोंडावर नुसता पंचा गुंडाळून फवारताना पाहिले. बाटलीवर काय लिहिले आहे असे विचारताच तो ओशाळून हसला आणि म्हणाला, ‘साब, दवाई है.’

पोळ्याला मोहगावचा शेतकरी बैलाला न्हाऊ घालील, त्याच्या खांद्याला लोणी-हळद लावील आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवणार नाही. त्याच आठवड्यात सौसरच्या सरकारी दवाखान्यात ॲट्रोपीनच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला त्या किती द्यायच्या ते ठाऊक आहे काय, हे पांढुर्ण्याच्या कलेक्टरांनी स्वतः जाऊन पाहावे. गोटमारीच्या बंदोबस्तासाठी ते त्या दिवसांत दौऱ्यावर असणारच आहेत.